विषयाला धरून

स्पीच थेरपिस्ट मुलीने कागदावर शून्य काढलं आणि ते काढण्याची तऱ्हा समोर बसलेल्या तिला ओळखीची वाटली. पेन न उचलता, एका वेढ्यात, नजर पुढच्या रकान्याकडे वळवता वळवता. त्यात राग नव्हता, तुच्छता तर नव्हतीच. तीस-बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवताना तिने स्वतः अशी किती शून्यं काढली असतील. फक्त तेव्हा पेन तिच्या हातात असायचं. आज ती टेबलाच्या अलीकडे, नवऱ्याच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पर्स होती, पर्सवर त्याचा रुमाल होता, आणि समोरच्या तक्त्यात 'आशय' या शब्दाखाली तो वाटोळा आकडा तिला उलट्या बाजूने दिसत होता. बाकी सगळं उलटं वाचायला तिला अंमळ वेळ लागला. शून्याला लागला नाही. ते कुठूनही तसंच दिसतं.

प्रश्न साधा होता. टेबलावर एक चित्र ठेवलं होतं: अंगण, दोरी, दोरीवर कपडे वाळत घालणारी एक बाई, कुंपणावर मांजर, चेंडू घेऊन उभं असलेलं मूल. काय दिसतंय ते सांगायचं. नवऱ्याने चित्राकडे पाहिलं, मग बराच वेळ पाहतच राहिला. त्याच्या ओठांचा उजवा कोपरा थोडा खाली ओघळलेला असे, तो हलायला लागला की तिच्या स्वतःच्या जबड्यात कळ यायची. "उशीर," तो शेवटी म्हणाला. मग धाप लागल्यासारखा थांबला. "उशीर झाला... हिला." थेरपिस्ट मुलगी हळुवारपणे म्हणाली, "छान. आणखी? चित्रात काय काय आहे?" तो पुन्हा म्हणाला, "उशीर," आणि हात खाली ठेवला, जणू एवढंच होतं, सांगून झालं. मग शून्य. टेबलाच्या अलीकडून हात लांबवून तिने चित्र आपल्याकडे ओढलं. बाईच्या मागे घराची एक खिडकी होती, आणि खिडकीत दिवा लागलेला होता. पिवळ्या रंगाचा एक बारीकसा ठिपका. दिवेलागण झाली होती आणि बादलीत अजून अर्धे कपडे शिल्लक होते. "अहो, दिवा लागलाय बघा ना," ती म्हणाली, ते नवऱ्याला नव्हे, त्या मुलीला. मुलीने वाकून पाहिलं. "अगंबाई, खरंच की. एवढी वर्षं हे चित्र वापरतेय, माझ्या लक्षातच नाही आलं." मग ती अवघडून म्हणाली, "पण काकू, यादीत दहा गोष्टी दिल्यात. कपडे, दोरी, मांजर... त्यात उशीर नाहीये. मी मनाने गुण दिले तर मागच्या वेळेपेक्षा त्यांच्यात फरक पडला की नाही, हे कळायचं कसं?" दरवर्षी नव्या शिक्षकांना ती हेच सांगायची, जवळपास याच शब्दांत. निघताना मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, दाराशी येऊन, आवाज खाली आणून. आकडा बरेच दिवस हललेला नाही. पुढच्या तपासणीतही हलला नाही तर ही वेळ दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांकडे पाहिल्यावर तिला हेही अन्यायाचं म्हणता येईना. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेली एक तरुण बाई भिंतीवरच्या सूचना ओठ हलवत वाचायचा प्रयत्न करत होती.

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि ती त्याच्या निकामी हाताच्या बाजूला. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या. पूर्वी असं बाहेर पडलं की तो पाट्यांवरच्या चुका मोजायचा. तिला कोपराने ढोसायचा, "अगं, ते बघ, 'शितपेय' लिहिलंय, ऱ्हस्व काढलाय. पिऊन खोकला होणार." एका दैनिकात तो मुद्रितशोधक होता. छापखान्यात त्याला सगळे 'वेलांटी' म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं. तिच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले की जेवण झाल्यावर तो तिच्यासमोर येऊन बसायचा आणि वरचा एखादा निबंध उचलून वाचायचा. "याला बारा? तू गुण देतेस की खाऊ वाटतेस?" ती चिडायची. म्हणायची, मजकुरात जीव आहे, तो बघा. तो म्हणायचा, जीव असेल, पण चपला उलट्या घातल्यात. असा किती लांब जाणार? हे भांडण त्यांच्या संसारात इतकं मुरलं होतं की इतर भांडणांना जागाच राहिली नव्हती. मुलगा लहान असताना विचारायचा, आई-बाबा, तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांवरून का भांडता? आणि मग एका सकाळी, वर्तमानपत्र वाचता वाचता, नवऱ्याने एका शब्दावर बोट ठेवलं. ती गॅसपाशी होती. "काय झालं?" असं तिने विचारलं, कारण त्याने बोट ठेवलं म्हणजे चूक सापडली आणि आता तो ती मोठ्याने वाचून दाखवणार, हे ठरलेलं. त्याने तोंड उघडलं. बोट शब्दावर तसंच राहिलं. पुढे दवाखान्यात, स्ट्रेचरच्या मागे धावताना, तिला मध्येच वाटून गेलं की तो कुठला शब्द होता ते बघायचं राहिलं. ते वर्तमानपत्र शेजारणीने टेबल पुसताना रद्दीत टाकलं होतं. अशा गोष्टीचं दुःख कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, माणूस वाचला ना, मग झालं.

घरी आल्यावर तिने त्याला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि शाळेतून आणलेला गठ्ठा सोडला. नववीच्या वार्षिक परीक्षेतले निबंध होते. यंदा वरून नवे निकष आले होते: विषयाला धरून लेखन, मांडणी, भाषा, शुद्धलेखन, कल्पकता. प्रत्येकाचा वेगळा रकाना, एकूण वीस. प्रत्येक निबंध दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचा, फार तफावत आली तर तिसऱ्याने. निकष ठरवणाऱ्या समितीत ती स्वतः होती. कल्पकतेचा रकाना तिच्याच आग्रहाने आला होता. विषय होता 'एका बंद दाराचे मनोगत'. पहिले काही कागद नेहमीसारखे निघाले. 'मी एक दार बोलत आहे. मी सागवानी लाकडाचे आहे. माझा जन्म एका घनदाट जंगलात झाला.' दारं सगळी सागवानी होती, जंगलं सगळी घनदाट होती, आणि शेवटी प्रत्येक दार माणसांना माणुसकीचा उपदेश करून गप्प होत होतं. यात मुलांचा दोष नव्हता. मनोगत असंच लिहायचं असतं, हे तिनेच फळ्यावर लिहून दिलं होतं. नावाचा कोपरा दुमडून चिकटवलेला असला तरी अक्षरं ती चेहऱ्यांसारखी ओळखायची. एक अक्षर वर्गातल्या सगळ्यात नीटनेटक्या मुलीचं होतं, दोन घट्ट वेण्या आणि पट्टीने आखलेला समास असलेल्या. तिचं दारही सागवानीच होतं, पण त्याला बिजागऱ्यांच्या कुरकुरीबद्दल एक बरं वाक्य सुचलं होतं. तिने नऊ दिले आणि पान उलटलं.

मग तो कागद आला. अर्धं पानही भरलेलं नव्हतं. वेलांट्या सगळ्या आपापली घरं सोडून भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या. तिने सवयीने लाल पेन टेकवलं आणि मग टेकवलेलं तसंच राहिलं. 'दार बोलत नाही. बोललं असतं तर मला बाहेर उभं राहावं लागलं नसतं. मी आधी कान लावायचे, मग कपाळ लावायचे. कपाळ लावलं की आतला खोकला लाकडातून यायचा. खोकला आला की मी जेवायला जायचे. एक दिवस खोकला आला नाही म्हणून मी जेवले नाही. दाराला काय वाटलं ते मला माहीत नाही, मला विचारू नका.' एवढंच. पुढे कोरं. तिने मान वर केली तेव्हा नवरा तिच्याकडेच पाहत होता. त्याचा बरा हात गठ्ठ्याच्या दिशेने थोडा पुढे आला होता. तिने तो निबंध त्याला वाचून दाखवला, हळू, एकेक वाक्य सुटं करून. तो ऐकत राहिला. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "किती द्यायचे?" विचारताक्षणी तिला स्वतःची लाज वाटली, कारण आता तो काही म्हणू शकत नाही म्हणूनच तर ती विचारत होती. पूर्वी असं विचारलं असतं तर त्याने वेलांट्यांवरून तिला घरभर पळवलं असतं. कागदावरची तिची बोटं बाजूला सारून त्याने तिथे आपला तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. तिने सोळा दिले. कल्पकतेत पैकीच्या पैकी. पेनाने ते आकडे लिहिताना तिला हलकं वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. आणि त्या हलकेपणातच काहीतरी खोट आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तिने ते बाजूला सारलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला, दुसऱ्या शहरातून, कसल्याशा मीटिंगच्या मधल्या वेळात. "आई, आजचा आकडा काय आला बाबांचा?" ती म्हणाली, "अरे, त्यांना चित्रातला उशीर दिसला." "म्हणजे?" "म्हणजे, खिडकीत दिवा..." "आई, आकडा सांग ना. मी इथे तक्ता ठेवलाय, ग्राफ काढतो." तिने सांगितला. पलीकडे कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज आला, मग नुसता श्वास. ग्राफ काढून तो रडत असेल, हे तिला माहीत होतं. त्याला दुसरं काही काढता येत नव्हतं.

दुसरे परीक्षक म्हणजे शाळेतले तिच्या बरोबरीचे सर. मुलं त्यांना 'कात्री' म्हणत. त्यांचे गुण आणि तिचे गुण शेजारी शेजारी मांडले तेव्हा बाकी ठिकाणी फार तर तीन-चारांचा फरक होता, आणि दाराबाहेर उभं राहिलेल्या मुलीपुढे तिचे सोळा आणि त्यांचे चार. मुख्याध्यापिकांनी दोन्ही आकडे पाहिले, चष्मा काढला, डोळे चोळले. "मी तिसरी म्हणून काय देऊ? तुम्ही दोघं मिळून साठ वर्षं शिकवताय. बसा आणि ठरवा. फक्त एक ध्यानात घ्या, हिला निबंधात आठ पडले तर भाषेत पास, नाहीतर वर्ष गेलं." शिक्षकांच्या खोलीत दुपारची उन्हं टेबलाच्या काचेवर पडली होती आणि काचेखालचं जुनं वेळापत्रक पिवळं पडून वर आलं होतं. कात्री सर डबा बंद करत म्हणाले, "बोला बाई. मी कुठे चुकलो?" ती म्हणाली, "तुम्ही वाचलंत ना नीट? खोकल्याचं वाक्य वाचलंत?" "वाचलं. दोनदा वाचलं. माझ्या पण घशाशी आलं. म्हणून तर चार दिले, खरे तीनच बसत होते." ती हसली, मग हसू गिळलं. ते पुढे म्हणाले, "हे बघा, विषय काय, दाराचं मनोगत. ती काय लिहिते, दार बोलत नाही. म्हणजे तिने विषयच नाकारला. मांडणी नाही, शेवट नाही. शुद्धलेखनाबद्दल मी बोलतच नाही, तुमच्या यजमानांनी पाहिलं असतं तर पेनाची शाई संपली असती." मग जीभ चावल्यासारखे ते थांबले. "कसे आहेत ते?" "आहेत," ती म्हणाली. सरांनी डब्याच्या झाकणावर बोटं वाजवली. "बाई, राग मानू नका. पण बाकीच्या मुलांच्या घरी कुणी खोकत नसेल का? चाळीस मुलं आहेत. त्यांनी घरातलं घरात ठेवलं आणि सागवानी दार लिहिलं, कारण आपण तसं लिहायला सांगितलं होतं. मग त्यांचे गुण का कापायचे? घरी दुःख झालं नाही म्हणून, की त्यांनी ते दाखवलं नाही म्हणून?"

खिडकीबाहेर मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवत होतं आणि प्रत्येक शिट्टीला तिच्या पापण्या लवत होत्या. सोळा हा आकडा कुठून आला, हे ती स्वतःला विचारायचं टाळत होती. खोकल्याच्या वाक्यामुळे, की आपल्याही घरात एक माणूस बंद आहे आणि आपण रोज कपाळ लावून आतलं काही ऐकू येतंय का ते बघतो, म्हणून? तो बरा असता तर याच कागदाला आपण किती दिले असते? अकरा? बारा? तेवढे चार-पाच गुण त्या मुलीचे नव्हते, ते आपल्या नवऱ्याचे होते. दवाखान्यात त्याला मिळाले नाहीत ते आपण इथे आणून वाटले. खाऊ वाटतेस की काय, असं तो म्हणायचा. तेव्हा तिला ते लागायचं नाही.

गुण कायम होण्याआधी मुलांना कागद दाखवायची शाळेत पद्धत होती. पहिला परीक्षक वर्गात बसे आणि मुलं एकेक करून येत. दोन वेण्यांची मुलगी सगळ्यात आधी आली. ती रडत नव्हती, पण रडायचं नाही असं घरून ठरवून आलेली दिसत होती. "बाई, मला नऊ का?" तिने कागद सरळ करून टेबलावर ठेवला, कोपरे जुळवून. "तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं. सुरुवात, मध्य, शेवट. दाराच्या तोंडूनच लिहिलंय सगळं. शुद्धलेखनाची एकही चूक नाहीये, आईने तपासलं." बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, की स्वतःचं असं काहीतरी हवं होतं, आतून आलेलं. मुलगी ऐकत राहिली, भुवया जुळवून, खरोखर समजून घ्यायच्या इराद्याने. मग म्हणाली, "पण माझ्या घरी सगळं ठीक आहे बाई. दार उघडंच असतं. मग मी काय लिहायचं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अडचण होती. ती कुणाच्याही निबंधाबद्दल बोलत नव्हती, तिला दुसऱ्या कागदाची काही कल्पनाही नव्हती. तरी बाईंना वाटलं, आपल्याला कुणीतरी भर वर्गात उभं केलंय. त्यांनी कागद पुन्हा वाचला, त्या मुलीच्या समोर, घाई न करता. बिजागऱ्यांचं वाक्य चांगलं होतं. मधल्या परिच्छेदात दाराला थंडीत अंग आखडून घ्यावं लागतं असं काहीतरी होतं, तेही पाठांतराचं नव्हतं. पहिल्यांदा तिने ते वाचलंच नव्हतं. समास पट्टीने आखलाय एवढं बघून पुढे गेली होती. तिने निकषांचा कागद शेजारी ठेवला आणि रकान्या-रकान्याने बेरीज केली. "तेरा होतात गं," ती म्हणाली. "चूक माझी होती." मुलीचा चेहरा उजळला, पण लगेच सावध झाला. "कायम ना बाई? परत कमी नाही ना होणार?" विश्वास उडाल्याचा हा एवढासा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याबाबत ऐकला. "कायम," ती म्हणाली.

दुसरी मुलगी आलीच नाही. तिला निरोप पाठवून शिक्षकांच्या खोलीत बोलवावं लागलं. मागच्या बाकांवरची, उंच, खांदे पुढे काढून चालणारी. वर्षभरात तिने हात वर केल्याचं आठवत नव्हतं. ती टेबलापासून लांब उभी राहिली. "बस ना," म्हटलं तरी बसली नाही. "तू छान लिहिलंयस," असं म्हटल्यावर ती गोंधळली, जणू कुणीतरी भलत्याच नावाने हाक मारली. "मला विषय कळला नव्हता बाई," ती म्हणाली. "बाहेर आल्यावर मैत्रिणींनी सांगितलं, दार होऊन लिहायचं होतं." "मग तुला काय वाटलं होतं?" "मनोगत म्हणजे आपल्या मनातलं ना? मला वाटलं, दाराबद्दल आपल्या मनात काय आहे ते लिहायचंय." विषय नाकारला म्हणून कात्री सरांनी चार दिले होते, विषय मोडून नवा केला म्हणून तिने सोळा. आणि या मुलीने तर विषय जसा समजला तसा धरला होता, इतरांपेक्षा जास्त घट्ट. कल्पकतेच्या रकान्यात पैकीच्या पैकी पडलेली ती वाक्यं कल्पना नव्हतीच. "आत कोण होतं?" तिने विचारलं. विचारू नये हे माहीत असून विचारलं. 'मला विचारू नका' असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं असून. "पप्पा," मुलगी म्हणाली. "आणि आता?" मुलीने खांदे उडवले. खिडकीकडे बघत, सहज, हवापाणी सांगितल्यासारखं ती म्हणाली, "आता दार उघडंच असतं." काल-परवा हेच शब्द दुसऱ्या मुलीच्या तोंडून आले होते. तेव्हा त्यांचा अर्थ सगळं ठीक आहे असा होता. बाईंच्या हातातलं पेन टोपण न लावताच टेबलावर लवंडलं आणि काचेवर एक लाल रेघ उमटली. "मी नापास आहे का?" मुलीने विचारलं. तिला तेवढंच हवं होतं. ती निबंधाबद्दल बोलायला आलेलीच नव्हती.

शेवटी त्या दोघांनी पुन्हा बसून ठरवलं. आता वाद असा काही राहिलाच नव्हता. तिने सरांना मनोगताचा अर्थ मुलीने काय लावला ते सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. ते सांगून गुण मागणं तिला भीक मागितल्यासारखं वाटलं असतं, आणि तेही मुलीच्या वतीने, तिला न विचारता. कात्री सर बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. "म्हणजे आपल्या शिकवण्यातच राहिलं म्हणा काहीतरी. वर्षभर मनोगत, मनोगत म्हणत होतो, शब्द फोडून सांगितलाच नाही कुणी." मग म्हणाले, "आठ?" ती म्हणाली, "आठ." निकष लावून आठ बसत होते, ओढून-ताणून, पण बसत होते, कुणी फेरतपासणी केली असती तरी टिकले असते. आठ. सहा सागवानी दारांना आठच मिळाले होते. हा आकडा त्या कागदाबद्दल काहीच बोलत नव्हता, चांगलंही नाही, वाईटही नाही, आणि तरी याहून रास्त आकडा तिला दाखवता आला नसता. शेऱ्याच्या जागी सरांनी आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, 'विषयाला धरून लिहावे.' तिने हात पुढे केला, अडवायला, आणि मागे घेतला. दुसरं काय लिहायचं? कागद परत मिळाला तेव्हा मुलीने शेरा वाचलाही नाही. आकडा पाहिला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि तिचे पुढे आलेले खांदे एकदम मागे गेले. "झाले पास!" ती म्हणाली, शेजारणीला, मोठ्याने. मग त्या कागदाची चौघडी घालून तिने तो दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटलीबरोबर, कोंबून टाकला. बाई दाराशी उभ्या होत्या. एखादी गोष्ट भिजून जाणार हे दिसत असूनही बोलता येत नाही, तसं त्यांना झालं. गोष्ट मुलीची होती, तिने काहीही करावं.

पुढच्या तपासणीला तिने नवऱ्याला निळा शर्ट घातला. दाढी करताना गालाच्या ओघळलेल्या बाजूला थोडं कापलं, त्यावर तिने कापूस दाबून धरला आणि दोघंही आरशात एकमेकांकडे बघत उभे राहिले. थेरपिस्ट मुलीने या वेळी चित्र काढलं नाही. वस्तू दाखवल्या: चमचा, किल्ली, कंगवा. किल्लीला तो 'उघड' म्हणाला, कंगव्याला काहीच म्हणाला नाही. चमचा बरोबर आला. मुलगी प्रत्येक वेळी 'छान' म्हणत होती आणि पेन हलत होतं, आणि तिने या वेळी उलटं वाचायचं नाही असं ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावली होती. मग मुलीने तिच्याकडे बोट केलं. "काका, या कोण? तुमच्या कोण लागतात?" तो वळला. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता सगळं येईल, जे काही आत साठलंय ते. त्याची बरी बाजू आणि वाईट बाजू दोन्ही हलू लागल्या. "बा," तो म्हणाला. "बा... बाई." थेरपिस्ट मुलगी थांबली. "बाई म्हणजे? नातं सांगा काका." त्याने मान हलवली, पुन्हा म्हणाला, "बाई." कपाळावर घाम आला होता. मुलीचं पेन रकान्यावर अधांतरी राहिलं होतं, आणि ते खाली उतरायला तयार नाही, हे तिला दिसत होतं. मुलगी तिच्याकडे वळली. "काकू, घरी ते तुम्हाला बाई म्हणायचे का? लाडाने वगैरे? तसं असेल तर मला हे धरता येईल. हे धरलं तर आकडा हलतो." तिच्या स्वरात विनंती होती.

बाहेर बाकावर मफलरवाली बसलेली असणार. तिने स्वतः सगळा जन्म परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या होत्या, शेजारच्याच्या कागदाकडे झुकलेल्या माना सरळ केल्या होत्या. नवऱ्याने तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. अगं म्हणायचा. लग्न झालं त्या दिवसापासून ते वर्तमानपत्रावर बोट ठेवलं त्या दिवसापर्यंत, नुसतं अगं. "हो," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ आला. "नेहमी म्हणायचे. बाईच म्हणायचे." पेन कागदाला टेकलं.

"नाही," नवरा म्हणाला.

तो शब्द इतका ठणठणीत आला की तिघंही दचकले, तोसुद्धा. ना लांबला, ना अडखळला. त्याचं बोट तिच्या दिशेने उठलं होतं, आणि चेहऱ्यावर तो जुना वैताग होता, छापून आलेली चूक सापडल्यावरचा. "नाही," तो पुन्हा म्हणाला. तिला रडू आलं, आणि रडता रडता हसू आलं, आणि थेरपिस्ट मुलगी पेन खाली ठेवून पाण्याचा ग्लास पुढे करत राहिली. 'नाही'ला काही गुण होते, पण पुरेसे नव्हते. मुलीने बेरीज दोनदा केली. घरी करायचे व्यायाम तिने एका कागदावर लिहून दिले, चित्रं काढून, आणि दोघांना जिन्यापर्यंत सोडायला आली. जाताना मफलरवालीला आत बोलावलं.

थांब्यावर ऊन उतरतीला लागलं होतं. बाकावर एकच जागा होती. तिने त्याला बसवलं आणि समोर उभी राहिली. राग येत होता आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. "काय बिघडलं असतं हो म्हणाला असतात तर?" ती म्हणाली. "एक गुण. एका गुणाने कुणाचं काय गेलं असतं? सांगा ना. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी म्हटलंच ना खोटं. तुमच्यासाठी म्हटलं." शेजारचे लोक बघायला लागले होते. तो तिच्याकडे पाहत होता. तो वैताग आता नव्हता चेहऱ्यावर. दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याला ते सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले. त्याचा बरा हात हवेत थोडा वर आला, जसा एखाद्या उंच फळीवरचं काही चाचपताना येतो. बस आली. माणसं चढली, कंडक्टरने दांड्यावर हात ठेवून त्या दोघांकडे पाहिलं. "येताय का काकू?" बाकावरचा तो अजून शब्द शोधत होता. तिने कंडक्टरला हाताने नको म्हटलं आणि नवऱ्यासमोर, रस्त्याकडे पाठ करून, उभी राहिली.